संस्थान आणि संस्था

इ. स. १९२२ च्या मे महिन्याच्या ६ तारखेस करवीरचे छत्रपति शाहू महाराज यांचें मुंबई मुक्कामीं देहावसान झालें. त्या गोष्टीस शंभर वर्षें पुरीं झालीं तेव्हां, म्हणजे २०२२ सालीं, कोल्हापूर शहर शंभर सेकंद स्तब्ध उभें राहिलें. इतकी कृतज्ञता फार थोड्या राजांच्या वाट्यास येते. परंतु कृतज्ञतेची भाषा बहुधा दातृत्वाची असते. महाराजांनीं अमक्यास शिष्यवृत्ति दिली, तमक्यास जमीन दिली, असें सांगून वक्ते खालीं बसतात. आमच्या मतें हें वर्णन खोटें नसलें तरी अपुरें आहे. दान देणारे राजे हिंदुस्थानांत पुष्कळ झाले. त्यांचीं दानें बहुधा त्यांच्याबरोबरच संपलीं. शाहू महाराजांचें काम मागें उरलें, कारण त्यांनीं द्रव्य वांटलें त्याहून अधिक नियम बदलले. हा भेद आमच्या व्यापारी व नागरिक वाचकांनीं नीट ध्यानीं घ्यावा, एवढ्यासाठीं महाराजांचें चरित्र आज त्या दृष्टीनें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एक देश संपन्न कां होतो व दुसरा दरिद्री कां राहतो, या प्रश्नास पूर्वीं लोक हवा, जमीन, रक्त किंवा दैव यांचें उत्तर देत. कोरिया देशानें या उत्तरांची परीक्षाच घेतली. १९४५ सालीं त्या देशाचे दोन तुकडे झाले. लोक एक, भाषा एक, इतिहास एक. इतकेंच नव्हे, तर खाणी व मोठे कारखाने उत्तरेकडेच अधिक होते. तरी पुढें दक्षिण भाग जहाजें व मोटारी जगास विकूं लागला आणि उत्तर भागांत १९९० नंतरच्या दशकांत लोक अन्नावांचून मेले. फरक पडला तो राज्यकारभाराच्या व मालमत्तेच्या नियमांत. याच विषयाच्या अभ्यासाबद्दल असिमोग्लू, जॉन्सन व रॉबिन्सन या तिघां पंडितांस २०२४ सालचें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा कीं, जेथें कायदा पुष्कळांस मालमत्ता, धंदा व विद्या यांची वाट मोकळी ठेवितो आणि सत्ताधाऱ्यासही बांधून ठेवितो, तेथें भरभराट टिकते. जेथें थोडे लोक वेशीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडून वसूल करितात, तेथें ती टिकत नाहीं. संस्था म्हणजे केवळ इमारत किंवा मंडळ नव्हे. जमीन कोणाच्या नांवें लागावी, दप्तर कोणाच्या हातीं असावें, कचेरींत कोणास जागा मिळावी, तंटा कोणापुढें तुटावा, यांविषयींचा जो समाजाचा स्थिर नियम, तीच खरी संस्था. हें समजून घेण्यास करवीरकरांस परदेशीं जावयास नको. आपल्याच संस्थानच्या एका राजाचा अठ्ठावीस वर्षांचा कारभार पाहिला तरी पुरे.

महाराजांचा जन्म कागलच्या घाटगे घराण्यांत २६ जून १८७४ रोजीं झाला. मूळ नांव यशवंतराव. चौथे शिवाजी महाराज १८८३ सालीं अहमदनगर येथें ब्रिटिशांच्या ताब्यांत असतांना वारले. त्यानंतर त्यांच्या राणी आनंदीबाई यांनीं १७ मार्च १८८४ रोजीं या दहा वर्षांच्या मुलास दत्तक घेऊन त्याचें नांव शाहू ठेविलें. शिक्षण प्रथम राजकोटास व पुढें धारवाडास फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखालीं झालें. मिरजेहून कोल्हापुरास येणारी आगगाडी १८९१ सालीं सुरू झाली. म्हणजे २ एप्रिल १८९४ रोजीं महाराजांनीं राज्यसूत्रें हातीं घेतलीं तेव्हां रूळ होते, काळी जमीन होती, पंचगंगेचें पाणी होतें, आणि सुमारें नऊ लाखांची प्रजा होती. ज्या गोष्टींस सामान्यतः समृद्धीचीं कारणें म्हणतात, त्यांपैकीं बहुतेक जागच्या जागीं होत्या. तरी रयत दरिद्री होती.

याचें कारण दरबारच्या हजेरीपटांत सांपडतें. त्या वर्षीं संस्थानच्या सर्वसाधारण कारभारांत ७१ वरिष्ठ जागा होत्या व त्यांपैकीं ६० जागांवर एकाच जातीचे, म्हणजे ब्राह्मण, लोक होते. त्या गृहस्थांची लायकी आम्ही वादांत आणीत नाहीं. प्रश्न इतकाच कीं, ज्या राज्यांत मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, महार, मांग, चांभार, धनगर यांनीं शेत पिकवावें, कातडें कमवावें, कर भरावा, त्यांच्यापैकीं जवळजवळ कोणासही कचेरीची पायरी चढतां येऊं नये, तेथें बुद्धीचें केवढें भांडवल पडून राहत असेल? ज्या पेढीचा मालक शंभर पोतीं माल कोठारांत ठेवून त्यांतील पांचच बाजारांत आणितो, त्यास व्यापारी काय म्हणतील तें आम्हीं सांगावयास नको.

महाराजांनीं गादीवर आल्यावर थोड्याच काळांत, म्हणजे १८९५ सालीं, शाहूपुरीची पेठ वसविली. कोल्हापूरच्या उंसाचा गूळ उत्तम. परंतु उत्तम माल आणि उत्तम बाजार या दोन वस्तु निराळ्या आहेत. जेथें अनेक खरेदीदार एके ठिकाणीं उघड भाव बोलतात, तेथें शेतकऱ्यास किंमत समजते व व्यापाऱ्यास मालाची खात्री पटते. व्यापाऱ्यांस सवलती देऊन महाराजांनीं त्यांस तेथें आणिलें, आणि रेल्वेच्या जोडीनें या पेठेनें कोल्हापूरचा गूळ दूरदूर नेला. पुढें पित्याच्या नांवें त्यांनीं जयसिंगपूरची पेठ वसविली, तीही याच विचारानें.

पेठ वसते न वसते तोंच १८९६–९७ चा दुष्काळ व त्यापाठोपाठ प्लेग आला. महाराजांनीं स्वस्त धान्याचीं दुकानें उघडलीं, तगाई दिली, कामें काढलीं, कामावर येणाऱ्या बायांच्या मुलांस सांभाळण्याची सोय केली. दुष्काळांत माणूस मरतो तो मुलखांत दाणा नाहीं म्हणूनच मरतो असें नाहीं. हातीं पैसा नाहीं व पैसा मिळविण्याची वाट नाहीं म्हणूनही मरतो. आमच्या समजुतीप्रमाणें महाराजांच्या पुढील सर्व धोरणाचें बीज या वर्षांत आहे. १९०२ सालीं त्यांनीं पाटबंधाऱ्यांचें धोरण आंखलें, आणि १९०८ च्या सुमारास भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचें काम हातीं घेतलें. तें पुरें झालेलें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. पैशाअभावीं तें अडलें व त्यांच्यामागें पुढें तडीस गेलें. त्या पाण्यावर आज जो ऊंस उभा आहे, तो लावणाऱ्यांस महाराजांचें नांव निराळें सांगावें लागत नाहीं.

१९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं व्हिक्टोरिया बोर्डिंग निघालें. त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशा निरनिराळ्या समाजांचीं वसतिगृहें निघालीं, आणि १९०८ सालीं अस्पृश्य मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग उघडलें. जातवार वसतिगृहें काढून जातिभेदच दृढ केला, असा आक्षेप तेव्हां निघाला व अजूनही निघतो. आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु खेड्यांतील मुलगा शहरांत शिकावयास येतो तेव्हां त्याचा पहिला प्रश्न पुस्तकाचा नसून जेवणाचा व निजण्याचा असतो, आणि त्या काळीं हा प्रश्न जातीनेंच सुटत किंवा अडत असे. महाराजांनीं जी वाट होती तिच्यावरूनच गाडी हांकली. पुढें १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांचीं मुलें सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम काढला, यावरून त्यांचें अंतिम मुक्काम कोणतें होतें तें स्पष्ट दिसतें.

वसतिगृहांतून शिकून निघालेल्या मुलानें जावें कोठें? या प्रश्नाचें उत्तर २६ जुलै १९०२ च्या हुकुमानें दिलें. महाराज त्या वेळीं सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेंत होते. संस्थानच्या नोकरींत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निदान शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांस द्याव्या, असा तो हुकूम होता. तो निघतांच मोठा गिल्ला झाला. पण या हुकुमाचा खरा परिणाम नोकऱ्यांपुरता नव्हता. शिकून कांहीं उपयोग होतो, एवढी खात्री कुणब्याच्या बापास पटली. आणि ही खात्री पटल्याशिवाय जगांत कोणताही बाप मुलास नांगरावरून काढून शाळेंत धाडीत नाहीं.

१९०६ सालीं शाहू मिलचा पाया घातला गेला. ब्रिटिश हिंदुस्थानांत १९०४ व १९१२ सालीं सहकारी संस्थांचे कायदे झाले. कोल्हापूर दरबारानेंही त्याच सुमारास सहकाराची वाट धरिली. शाहू मिल पुढें बंद पडली. सहकार मात्र या जिल्ह्यांत असा रुजला कीं, येथील ऊंस, दूध व पतपेढ्या यांचा व्यवहार त्यावांचून कल्पितां येत नाहीं. भोंगा थांबला कीं गिरणी संपते; पण शेंकडों खेड्यांतील लोकांनीं एकत्र येऊन हिशेब ठेवावयाची संवय एकदां लागली म्हणजे ती सहसा नाहींशी होत नाहीं.

महाराजांच्या कारकीर्दीचीं सर्वांत धाडसाचीं वर्षें म्हणजे १९१७ ते १९१९. गोखल्यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळापुढें मांडलें होतें, तें १९१२ सालीं नामंजूर झालें. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली प्रांतांत आरंभ करून १९०६ सालीं सर्व राज्यभर तें तत्त्व लागू केलें होतें. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें आणि मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. ब्रिटिश सरकारास जें परवडत नव्हतें, तें एका लहान संस्थानास परवडलें. खजिन्याची ऐपत मनाच्या ऐपतीवर किती अवलंबून असते, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

१९१८ सालीं कुलकर्णी वतनें रद्द करून त्यांच्या जागीं पगारी तलाठी नेमले गेले. आम्ही कायद्याचे अभ्यासक या नात्यानें या एका सुधारणेस विशेष महत्त्व देतों. गांवचें दप्तर म्हणजे गांवची मालमत्ता. कोणाचें शेत कोठवर, कोणाचा सारा किती, कोणी भरला व कोणाकडे बाकी, हें ज्याच्या लेखणींत, त्याच्या हातीं गांव. ही लेखणी बापाकडून मुलाकडे वारसाहक्कानें जाई, आणि ज्यांच्याविषयीं लिहिलें जाई त्यांस अक्षर येत नसे. सगळे कुलकर्णी लबाड होते असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. त्यांत सज्जन पुष्कळ होते. पण ज्या व्यवस्थेंत रयतेचें रक्षण केवळ लिहिणाराच्या सज्जनपणावर टिकतें, ती व्यवस्थाच सदोष. तलाठी परीक्षा देऊन येतो, त्याची बदली होते, त्याजकडून जाब घेतां येतो; आणि सक्तीच्या शाळेंतून बाहेर पडलेला मुलगा त्यानें काय लिहिलें तें वाचूं शकतो. शाळा व दप्तर हीं दोन कामें एकमेकांस पुरीं करणारीं होतीं. एक नसतें तर दुसरें निम्में व्यर्थ गेलें असतें.

त्याच वर्षीं बलुतेदारीचें बंधन काढून कोणासही कोणताही धंदा करण्यास मोकळीक दिली. महार वतनें रद्द करून त्या जमिनी रयताव्यानें त्यांच्याच नांवें केल्या, म्हणजे जमिनीच्या तुकड्यापायीं अहोरात्र राबण्याचें ओझें उतरलें. कांहीं जातींवर लादलेली रोजची हजेरीही त्याच वर्षीं बंद झाली. जो मनुष्य संध्याकाळीं चावडीवर हजर असलाच पाहिजे, तो परगांवच्या बाजारास जाणार कसा? पुढें वेठही बंद केली, आणि अस्पृश्य समाजांतील कांहीं तरुणांस वकिलीच्या सनदा दिल्या. वर सांगितलेल्या प्रत्येक हुकुमाचा अर्थ व्यापाराच्या भाषेंत एकच होतो: कष्ट विकावयाचे किंवा नाहीं, कोठें व कोणास विकावयाचे, हें ज्याचें त्यानें ठरवावें. जपानानें हाच क्रम निराळ्या मार्गानें केला. १८७१ सालीं सरंजामी संस्थानें मोडलीं, १८७२ सालीं सर्वांसाठीं शाळांचा कायदा केला, १८७३ सालीं जमिनीची मालकी व सारा यांची नवी व्यवस्था लाविली, १८७६ सालीं सामुराई लोकांचे वंशपरंपरेचे तनखे बंद केले. पन्नास वर्षांच्या आंत तें राष्ट्र युरोपच्या पंक्तीस बसलें. कोल्हापुरास जपानची स्वतंत्र सत्ता नव्हती. येथें ब्रिटिश रेसिडेंटाच्या नजरेखालीं काम करावयाचें होतें.

हुकूम कागदावर राहूं नये याची महाराजांस चिंता असे. गंगाराम कांबळे नांवाचा त्यांचा एक अस्पृश्य नोकर होता. उच्चवर्णीयांच्या हौदावरील पाणी शिवल्यावरून त्यास मारहाण झाली. महाराजांनीं त्यास भर शहरांत चहाचें हॉटेल घालून दिलें. आणि तेथें कोणी चहा पिईना तेव्हां स्वतः महाराज तेथें गाडी उभी करून चहा घेऊं लागले व बरोबरच्या मंडळींसही पाजूं लागले. ही गोष्ट लोक प्रेमानें सांगतात. आम्हांस तींत एक व्यवहाराचा धडा दिसतो. कायद्यानें दुकान उघडण्याची परवानगी मिळते, पण गिऱ्हाईक मिळत नाहीं. बाजाराचें दार लोकांच्या संवयीनेंही बंद असतें, आणि तें उघडण्यास कोणा तरी वजनदार मनुष्यानें पहिला पेला उचलावा लागतो.

आतां आमच्या राष्ट्रीय पक्षाचा महाराजांवरील आक्षेप. वेदोक्ताच्या वादापासून पुण्याच्या पुढाऱ्यांशीं त्यांचें फाटलें. महायुद्धांत त्यांनीं ब्रिटिशांस साह्य केलें. स्वराज्याच्या चळवळीपासून ते दूर राहिले. परकी सत्तेवर त्यांनीं जो भरंवसा टाकिला, त्याची तरफदारी आम्हांस करतां येत नाहीं. परंतु त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. स्वराज्य आलें तर तें कोणाच्या हातीं येणार, असें ते विचारीत. १९२० च्या मार्चमध्यें माणगांवच्या परिषदेंत त्यांनीं डॉक्टर आंबेडकरांस पुढारी म्हणून पुढें केलें, आणि त्याच आंबेडकरांच्या देखरेखीखालीं घडलेल्या राज्यघटनेनें १९५० सालीं त्या प्रश्नाचें उत्तर दिलें. समतेचा हक्क, नोकरींतील समान संधि व मागासलेल्यांसाठीं राखीव जागा, अस्पृश्यतेचा अंत: हीं कलमें सर्व देशास लागू झालीं. जें १९०२ सालीं एका संस्थानाधिपतीचा हुकूम होतें, तें राष्ट्राचा कायदा झालें.

यांतच महाराजांच्या कामाची मर्यादाही दिसते. त्यांचे नियम त्यांच्या सहीवर उभे होते. एका सहीनें आलेला हुकूम दुसऱ्या सहीनें जाऊं शकतो. प्रजेनें निवडलेलें, राजासही अडवूं शकेल असें कायदेमंडळ त्यांनीं उभारलें नाहीं. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. संस्थान गेलें, संस्थांपैकीं ज्या लोकांनीं आपल्या करून घेतल्या, त्या राहिल्या.

म्हणून आज प्रश्न आपला आहे. मुंबई उच्च न्यायालयाचें फिरतें पीठ अनेक वर्षांच्या मागणीनंतर ऑगस्ट २०२५ मध्यें कोल्हापुरांत सुरू झालें. सहा जिल्ह्यांतील पक्षकारांचें मुंबईचें हेलपाटें त्यामुळें वांचतें, आणि तंटा जवळ व लवकर तुटतो तेथें उधारी व भागीदारी निर्धास्तपणें चालते. ही भरभराटीची संस्थाच होय. पण दुसरीकडे पहा. वतनें जाऊन शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी कित्येक सहकारी संस्थांत संचालकाची खुर्ची बापाकडून मुलाकडे व काकाकडून पुतण्याकडे जातांना आपण पाहतों. सभासद वार्षिक सभेस जातो तो अहवाल न वाचतां हात वर करून परत येतो. सहकारी संस्था स्थापण्याचा हक्क घटनेच्या ९७ व्या दुरुस्तीनें मूलभूत हक्कांत घातला गेला आहे. परंतु हिशेब विचारण्याचें काम कोणतीही दुरुस्ती आपल्या वतीनें करणार नाहीं. दप्तर पुन्हां एका घराच्या माजघरांत जाऊं लागलें, तर तें कोणत्या जातीच्या घरांत गेलें यानें रयतेच्या नुकसानींत कांहीं कमीजास्त होत नाहीं.

आमची सूचना साधी आहे. ज्या वाचकाचा एखाद्या सोसायटींत, पतपेढींत, दूध संघांत किंवा कारखान्यांत भाग असेल, त्यानें येत्या वार्षिक सभेपूर्वीं लेखापरीक्षकाचा अहवाल मागून घ्यावा, तो वाचावा, आणि सभेंत निदान एक प्रश्न उभें राहून विचारावा. ज्याची पेढी किंवा कारखाना असेल, त्यानें कामावर माणूस घेतांना आडनांवाआधीं काम पाहावें. महाराजांच्या पुतळ्यास हार घालण्यास आमची ना नाहीं. पण हार घालून सभेस गैरहजर राहणाऱ्या सभासदानें त्यांच्या कामाचा वारसा सांगूं नये.